जुने घर किंवा जमीन विकताना इंडेक्सेशनचा हिशोब: १२.५ टक्के की २० टक्के, हे क्रमाने कसे ठरवावे

घर, सदनिका, गाळा किंवा भूखंड विकल्यावर होणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर किती कर भरायचा, हे २३ जुलै २०२४ पासून अनेकांना दोन पद्धतींनी मोजून पाहावे लागते. पहिल्या पद्धतीत इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरणे, नाही आणि दर १२.५ टक्के आहे. दुसऱ्या पद्धतीत इंडेक्सेशन आहे आणि दर २० टक्के आहे. हिशोब चुकतो तो बहुधा गुणाकार-भागाकारात नव्हे, तर क्रमात. लोक आधी दर निवडतात आणि मग त्याला साजेसे आकडे शोधू लागतात. योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण अनेक चुका तिच्यातून निघतात. पूर्वी इंडेक्सेशनमुळे नफाच कमी होत असे. आता कायद्याच्या दृष्टीने नफा इंडेक्सेशनशिवायच मोजला जातो. जुन्या पद्धतीने येणारा कर कमी असेल तर वरचा जास्तीचा कर सोडून दिला जातो, एवढेच. म्हणजे इंडेक्सेशन आज नफ्याला हात लावत नाही, फक्त कराची रक्कम खाली आणू शकते. तोटा, अधिभार आणि सवलती या तिन्ही ठिकाणी हा फरक पैशांत दिसतो.

या लेखातील आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात झालेल्या विक्रीसाठी आहेत आणि कलमांचे क्रमांक आयकर अधिनियम १९६१ मधील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. २०२५-२६ मधील विक्रीचा हिशोब मात्र जुन्या अधिनियमानेच करायचा आहे.

पायरी १: तुलना करण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे आधी तपासा

दोन पद्धतींची तुलना सर्वांना खुली नाही. पुढील सर्व अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

१. विकलेली वस्तू जमीन, इमारत किंवा दोन्ही असावी. सोने, रोखे, शेअर, म्युच्युअल फंड यांना आता इंडेक्सेशन नाही. दहा वर्षांपूर्वी घेतलेले सोने आज विकले, तरी त्यावर १२.५ टक्केच लागतात आणि खरेदीची किंमत मूळचीच धरावी लागते.

२. मालमत्ता २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेली असावी.

३. ती विक्रीपूर्वी २४ महिन्यांहून अधिक काळ जवळ असावी. त्याहून कमी काळ असेल तर नफा अल्पकालीन ठरतो आणि हा लेख त्याला लागू होत नाही.

४. विकणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब विक्रीच्या आर्थिक वर्षात भारताचे निवासी असावे. कंपनी, भागीदारी संस्था आणि अनिवासी भारतीय यांना तुलना करता येत नाही.

चौथ्या अटीकडे महाराष्ट्रातील घरांमध्ये फार दुर्लक्ष होते. समजा, वडिलांच्या नावावरचे घर दोन भावांना निम्मे-निम्मे वारसाने मिळाले. एक भाऊ नाशिकला राहतो आणि दुसरा दुबईत नोकरी करतो. घर एक, खरेदीखत एक, खरेदीदारही एकच. तरीही नाशिकच्या भावाला दोन्ही पद्धतींनी कर मोजून कमी असलेला भरता येतो, तर दुबईच्या भावाला त्याच्या हिश्श्यावर १२.५ टक्केच भरावे लागतात. दोघांनी मिळून एकच हिशोब करणे आणि तोच दोन्ही विवरणपत्रांत उतरवणे हे चूक आहे. शिवाय अनिवासी भावाच्या हिश्श्यावर खरेदीदाराने करकपात कलम १९५ प्रमाणे करायची असते. नेहमीची एक टक्का कपात तिथे चालत नाही.

> तपासा: विकलेली जमीन ग्रामीण भागातील शेतजमीन असेल तर ती मुळात भांडवली मालमत्ताच नसते आणि हा कर लागत नाही. नगरपालिकेच्या हद्दीपासूनचे हवाई अंतर इथे महत्त्वाचे: लोकसंख्या दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असल्यास दोन किलोमीटर, एक लाखाहून अधिक व दहा लाखांपर्यंत असल्यास सहा किलोमीटर, आणि दहा लाखांहून अधिक असल्यास आठ किलोमीटर. सातबाऱ्यावर शेती लिहिलेली आहे, एवढे पुरेसे नाही.

पायरी २: कागद गोळा करा, आकडे नंतर

हिशोबाला बसण्यापूर्वी पुढील कागद एका फाइलमध्ये असावेत: खरेदीचा करारनामा किंवा खरेदीखत, त्याचा इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा), मुद्रांक शुल्क व नोंदणी फीच्या पावत्या, खरेदीच्या वेळची दलाली दिल्याचा पुरावा, घरात नंतर केलेल्या मोठ्या कामांची बिले आणि ती रक्कम बँकेतून गेल्याची नोंद. मालमत्ता वारसाने किंवा बक्षीसपत्राने आली असेल तर मृत्युपत्र, वारस दाखला, फेरफार किंवा मिळकत पत्रिका, आणि मुख्य म्हणजे मूळ मालकाचे खरेदीचे कागद. ते हरवले असतील तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची प्रत मिळते. विक्री ठरल्यावर पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा, कारण जुना दस्त शोधायला वेळ लागतो.

बिल नसलेला खर्च हिशोबात धरू नये. रोखीने दिलेली आणि कागदावर कुठेच नसलेली रक्कम चौकशीत टिकत नाही.

पायरी ३: मूळ किंमत ठरवा

मालमत्ता स्वतः विकत घेतली असेल तर करारातील किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि खरेदीची दलाली मिळून मूळ किंमत होते. केवळ करारातील किंमत धरून मुद्रांक शुल्क विसरणारे पुष्कळ असतात; महाराष्ट्रात ही रक्कम लहान नसते.

गृहकर्जाच्या व्याजाबाबत सावध राहावे. जे व्याज घराच्या उत्पन्नातून कलम २४ खाली आधीच वजा करून घेतले आहे, ते पुन्हा किमतीत मिळवता येत नाही; २०२३ च्या वित्त अधिनियमाने हे स्पष्टपणे बंद केले आहे.

*वारसाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेली मालमत्ता.* इथे आपली किंमत शून्य नसते, आणि वारसा मिळाला त्या दिवशीचा बाजारभावही नसतो. मूळ मालकाने जी किंमत दिली तीच आपली किंमत. मालकीचा काळही मूळ मालकाच्या खरेदीपासून मोजला जातो. वडिलांनी २००४ मध्ये घेतलेले घर मुलाला २०१९ मध्ये वारसाने मिळाले, तर किंमत २००४ ची.

बहिणींनी किंवा भावांनी हक्कसोडपत्र करून दिले असेल आणि त्यापोटी त्यांना पैसे दिले असतील, तर तेवढा हिस्सा त्या वर्षी विकत घेतलेला समजून वेगळा हिशोब करावा. ते हक्कसोडपत्र २३ जुलै २०२४ किंवा त्यानंतरचे असेल, तर त्या विकत घेतलेल्या हिश्श्याला इंडेक्सेशनची तुलना मिळणार नाही.

*१ एप्रिल २००१ पूर्वीची मालमत्ता.* प्रत्यक्ष किंमत किंवा १ एप्रिल २००१ रोजीचे वाजवी बाजारमूल्य, यांपैकी कोणतेही घेण्याची मुभा आहे. ते बाजारमूल्य सरकारमान्य मूल्यांककाकडून लेखी घ्यावे. मात्र १ एप्रिल २००१ रोजीचे मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्य, म्हणजे ज्याला आपण रेडी रेकनरचा भाव म्हणतो, ते उपलब्ध असेल तर बाजारमूल्य त्याहून अधिक धरता येत नाही. मूल्यांककाने मोठा आकडा दिला म्हणून निश्चिंत होऊ नये. त्या अहवालात २००१ चा रेडी रेकनरचा भाव नमूद आहे की नाही, हे स्वतः पाहावे.

> सावधान: १२.५ टक्क्यांच्या पद्धतीत २००१ चे बाजारमूल्य चालत नाही, १९८५ ची जुनी किंमतच धरावी लागते, असा एक गैरसमज चांगलाच पसरला आहे. तो चुकीचा आहे. इंडेक्सेशन गेले, २००१ चे बाजारमूल्य घेण्याची मुभा गेलेली नाही. ती दोन्ही पद्धतींत आहे.

पायरी ४: योग्य वर्षाचा निर्देशांक लावा

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अधिसूचित केलेले महागाई निर्देशांक असे आहेत:

२००१-०२: १००, २००२-०३: १०५, २००३-०४: १०९, २००४-०५: ११३, २००५-०६: ११७, २००६-०७: १२२, २००७-०८: १२९, २००८-०९: १३७, २००९-१०: १४८, २०१०-११: १६७, २०११-१२: १८४, २०१२-१३: २००, २०१३-१४: २२०, २०१४-१५: २४०, २०१५-१६: २५४, २०१६-१७: २६४, २०१७-१८: २७२, २०१८-१९: २८०, २०१९-२०: २८९, २०२०-२१: ३०१, २०२१-२२: ३१७, २०२२-२३: ३३१, २०२३-२४: ३४८, २०२४-२५: ३६३, २०२५-२६: ३७६.

सूत्र सोपे आहे: मूळ किंमत गुणिले विक्रीच्या वर्षाचा निर्देशांक, भागिले खरेदीच्या वर्षाचा निर्देशांक. गोंधळ होतो तो वर्ष ठरवताना. ही आर्थिक वर्षे आहेत, करनिर्धारण वर्षे नव्हेत. फेब्रुवारी २०११ मधील करार २०१०-११ मध्ये मोडतो, २०११-१२ मध्ये नाही. ३० लाखांचा करार २८ मार्च २०११ रोजी झाला असेल तर निर्देशांक १६७ आणि वाढीव किंमत ६७,५४,४९१ रुपये; तोच करार ५ एप्रिल २०११ चा असेल तर निर्देशांक १८४ आणि वाढीव किंमत ६१,३०,४३५ रुपये. आठवडाभराच्या अंतराने करात सुमारे सव्वा लाखाचा फरक पडतो. म्हणून तारीख आठवणीतून लिहू नये, इंडेक्स-२ वरून उतरवून घ्यावी.

वारसाच्या मालमत्तेत निर्देशांक कोणत्या वर्षाचा घ्यायचा, वारसा मिळाला त्या वर्षाचा की मूळ मालकाच्या खरेदीच्या वर्षाचा, यावर एके काळी वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली दिलेल्या निकालानुसार मूळ मालकाच्या वर्षाचा निर्देशांक धरता येतो. मूळ मालकाची खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर निर्देशांक १०० चाच.

सुधारणेचा खर्च ज्या आर्थिक वर्षात झाला त्या वर्षाच्या निर्देशांकाने वेगळा वाढवावा. तो मूळ किमतीत मिसळून एकच निर्देशांक लावणे चूक आहे. १ एप्रिल २००१ पूर्वी केलेली सुधारणा धरता येत नाही. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती ही सुधारणा नव्हे. नवा मजला, खोली वाढवणे, संपूर्ण फरशी किंवा वायरिंग नव्याने करणे यांसारखी टिकाऊ कामे सुधारणेत येतात.

बांधकाम चालू असताना घेतलेल्या सदनिकेत हक्क नेमका कोणत्या दिवशी मिळाला, हा मुद्दा चौकशीत निघू शकतो. वाटपपत्र, नोंदणीकृत करारनामा, हप्त्यांच्या पावत्या आणि ताबापत्र, हे चारही कागद तारखांसह एकत्र ठेवावेत.

पायरी ५: विक्रीची किंमत नीट धरा

करारातील किंमत आणि विक्रीच्या वेळचे मुद्रांक मूल्य यांची तुलना कलम ५०सी प्रमाणे करावी लागते. मुद्रांक मूल्य करारातील किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल तर करारातील किंमत चालते. त्याहून अधिक असेल तर मुद्रांक मूल्यच विक्रीची किंमत ठरते. ९५ लाखांच्या करारात ही मर्यादा १,०४,५०,००० रुपये येते. विसार आणि खरेदीखत यांत बरेच महिने गेले आणि मधल्या काळात रेडी रेकनरचे दर वाढले, तर कराराच्या तारखेचे मूल्य घेता येते. पण त्यासाठी करारापूर्वी किंवा त्याच दिवशी काही रक्कम खातेदेय धनादेशाने किंवा ऑनलाइन मिळालेली असली पाहिजे.

विक्रीची दलाली आणि विक्रीसाठीच झालेला इतर खर्च या किमतीतून वजा होतो. त्याला निर्देशांक लागत नाही.

पायरी ६: दोन रकाने शेजारी मांडा

आता कागदावर दोन रकाने आखावेत. एका रकान्यात १२.५ टक्क्यांची पद्धत, दुसऱ्यात २० टक्क्यांची.

*पहिले उदाहरण.* पुण्यातील एका निवासी व्यक्तीने डिसेंबर २००५ मध्ये १८ लाखांना सदनिका घेतली. मुद्रांक शुल्क व नोंदणीचे १ लाख धरून मूळ किंमत १९,००,००० रुपये. २०१४-१५ मध्ये फरशी, स्वयंपाकघर आणि वायरिंग नव्याने केले, त्याचे ३,००,००० रुपये, बिलांसह. ऑक्टोबर २०२५ मध्ये सदनिका ९५ लाखांना विकली, दलाली १ लाख. निव्वळ विक्री ९४,००,००० रुपये.

पहिला रकाना: ९४,००,००० वजा २२,००,०००, म्हणजे नफा ७२,००,०००. त्यावर १२.५ टक्के, म्हणजे ९,००,००० रुपये.

दुसरा रकाना: मूळ किंमत १९,००,००० × ३७६ ÷ ११७ = ६१,०५,९८३. सुधारणा ३,००,००० × ३७६ ÷ २४० = ४,७०,०००. एकूण ६५,७५,९८३. नफा २८,२४,०१७. त्यावर २० टक्के, म्हणजे ५,६४,८०३ रुपये.

दुसरा आकडा ३,३५,१९७ रुपयांनी कमी आहे. तेवढा जास्तीचा कर सोडून दिला जाईल.

*दुसरे उदाहरण.* वडिलांनी १९८५ मध्ये घेतलेले घर. १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य ६,००,००० रुपये, रेडी रेकनरच्या मर्यादेत. विक्री ६०,००,००० रुपये. पहिला रकाना: नफा ५४,००,०००, कर ६,७५,०००. दुसरा रकाना: वाढीव किंमत २२,५६,०००, नफा ३७,४४,०००, कर ७,४८,८००. इथे इंडेक्सेशन घेतल्यास ७३,८०० रुपये जास्त जातील. घर जुने आहे म्हणून इंडेक्सेशनच फायद्याचे, ही समजूत अशी महाग पडते.

झटपट अंदाजासाठी एक कसोटी उपयोगी पडते. विक्रीच्या वर्षाच्या निर्देशांकाला खरेदीच्या वर्षाच्या निर्देशांकाने भागावे, आलेल्या आकड्याला ८ ने गुणावे, त्यातून ५ वजा करावेत आणि ३ ने भागावे. मालमत्ता मूळ किमतीच्या इतक्या पटींहून अधिक किमतीला विकली असेल तर १२.५ टक्के स्वस्त पडतात, कमी पटींत विकली असेल तर इंडेक्सेशनसह २० टक्के. २०२५-२६ मधील विक्रीसाठी ही सीमा २००१-०२ च्या किमतीला सुमारे ८.३६ पट, २०१०-११ च्या खरेदीला ४.३४ पट, २०१५-१६ च्या खरेदीला २.२८ पट आणि २०२०-२१ च्या खरेदीला १.६६ पट येते. सुधारणेचा खर्च किंवा गुंतवणुकीची सवलत असेल तर ही कसोटी अपुरी आहे; तेव्हा पूर्ण हिशोबच करावा.

*तोटा दिसला तर.* २०१२-१३ मध्ये ५० लाखांना घेतलेली सदनिका ८५ लाखांना विकली, तर वाढीव किंमत ९४ लाख येते आणि दुसऱ्या रकान्यात ९ लाखांचा तोटा दिसतो. त्या रकान्यातील कर शून्य, त्यामुळे पहिल्या रकान्यातील ४,३७,५०० रुपयांचा कर पूर्णपणे सोडून दिला जातो. इथपर्यंत चांगले आहे. पण तो ९ लाखांचा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढील वर्षी ओढताही येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ३५ लाखांचा नफाच झालेला आहे. हा कागदी तोटा विवरणपत्रात दाखवणे ही सध्या सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

पायरी ७: गुंतवणुकीची सवलत दोन्ही रकान्यांत वजा करा

राहते घर विकून दुसरे घर घेतल्यास कलम ५४ ची सवलत मिळते: विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम. कलम ५४ईसी खाली विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात आणि ते पाच वर्षे मोडता येत नाहीत. भूखंड किंवा गाळा विकून घर घेत असाल तर कलम ५४एफ लागते, आणि तिथे पूर्ण सवलतीसाठी केवळ नफा नव्हे तर निव्वळ विक्रीची पूर्ण रक्कम घरात गुंतवावी लागते.

सवलत एकाच रकान्यात धरून तुलना करणे चूक आहे. पहिल्या उदाहरणातील व्यक्तीने ४० लाखांचे नवे घर घेतले, असे समजू. पहिल्या रकान्यात उरलेला नफा ३२ लाख, कर ४ लाख. दुसऱ्या रकान्यात नफाच २८,२४,०१७ चा, तो सवलतीत पूर्ण संपतो आणि कर शून्य होतो. म्हणजे भरायचा कर शून्य. पूर्ण ७२ लाख गुंतवल्याशिवाय कर वाचणार नाही, असे सांगून लोकांना रोख्यांत आणि घरांत गरजेपेक्षा जास्त पैसे अडकवायला लावले जाते. कायद्यातील तुलना करांची आहे, नफ्यांची नाही. गुंतवणुकीची रक्कम ठरवण्यापूर्वी दोन्ही रकान्यांचा हा हिशोब सीएकडून लेखी तपासून घ्यावा, कारण एकदा मुदत टळली की सवलत परत मिळत नाही.

> तपासा: नवे घर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घेता येणार नसेल, तर सवलतीची रक्कम त्या मुदतीपूर्वी बँकेतील भांडवली नफा खाते योजनेत भरावी लागते. साधी मुदत ठेव चालत नाही.

पायरी ८: अधिभार, उपकर आणि करमुक्त मर्यादा

या पायरीवर पहिल्या परिच्छेदांतील मुद्दा प्रत्यक्ष पैशांत उतरतो. एकूण उत्पन्न ५० लाखांवर गेले की करावर १० टक्के अधिभार लागतो, एक कोटीवर गेले की १५ टक्के; या नफ्यावरील अधिभार १५ टक्क्यांवर जात नाही. ही मर्यादा पाहताना एकूण उत्पन्नात कायद्याच्या शब्दांप्रमाणे इंडेक्सेशनशिवायचा नफा धरला जातो. पहिल्या उदाहरणात कर २८,२४,०१७ वर मोजला गेला, तरी एकूण उत्पन्नात ७२ लाख मिळतात आणि अधिभार लागतो. ५,६४,८०३ वर १० टक्के अधिभार म्हणजे ६,२१,२८३, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ६,४६,१३४ रुपये. अधिभार विसरून हिशोब करणाऱ्याला हा आकडा ५,८७,३९५ दिसतो आणि उरलेल्या रकमेची मागणी नंतर व्याजासह येते. उत्पन्न मर्यादेच्या किंचित वर असेल तर सीमांत सवलत, म्हणजे मर्यादेवरील उत्पन्नापेक्षा वाढीव कर जास्त होऊ न देणारी सूट, मिळते का, तेही पाहावे.

निवासी व्यक्तीचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर जेवढी मर्यादा उरली तेवढी या नफ्यातून वजा होते. नव्या कर प्रणालीत २०२५-२६ साठी ही मर्यादा ४ लाख आहे. निवृत्त आई-वडिलांच्या नावावरील घर विकले जाते तेव्हा हा लाभ हमखास राहून जातो. याउलट १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणून या नफ्यावरही नाही, असे समजू नये. नव्या प्रणालीतील कलम ८७ए ची सूट अशा विशेष दराच्या उत्पन्नाला मिळत नाही. कलम ८०सी सारख्या वजावटीही या नफ्यातून होत नाहीत.

पायरी ९: कर भरा, मग विवरणपत्र

किंमत किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख वा अधिक असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदार एक टक्का कर कापतो. तो आपल्या पॅनवर जमा झालेला फॉर्म २६एएस मध्ये दिसेपर्यंत खरेदीदाराच्या मागे राहावे. ही कपात म्हणजे पूर्ण कर नव्हे. उरलेला कर आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्यांत भरावा लागतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. ऑक्टोबरमधील विक्रीचा कर डिसेंबरच्या हप्त्यापासून, आणि १५ मार्चनंतरच्या विक्रीचा ३१ मार्चपर्यंत. साठ वर्षांवरील ज्या निवासी नागरिकांना व्यवसायाचे उत्पन्न नाही, त्यांना आगाऊ कर भरावा लागत नाही. त्यांनी विवरणपत्रापूर्वी स्वनिर्धारण कर, म्हणजे स्वतः मोजलेला उरलेला कर, भरला तरी चालते.

विवरणपत्र फॉर्म २ मध्ये भरावे, व्यवसायाचे उत्पन्न असेल तर फॉर्म ३ मध्ये. फॉर्म १ मध्ये मालमत्तेचा नफा दाखवता येत नाही. पगारदार मंडळी सवयीने तोच उघडतात. भांडवली नफ्याच्या तक्त्यात मालमत्ता संपादनाची तारीख, खरेदीदाराचे पॅन आणि त्याचा हिस्सा भरावा लागतो. संपादनाची तारीख वारशाची लिहिली तर यंत्रणा इंडेक्सेशनची तुलना चुकीच्या वर्षावरून करील किंवा करणारच नाही, म्हणून ती पायरी ३ आणि ४ प्रमाणे ठरवलेलीच लिहावी. इंडेक्सेशनशिवायची किंमत आणि इंडेक्सेशनसहची किंमत आपापल्या जागीच भरावी. वाढीव किंमत मूळ किमतीच्या जागी भरली तर नफा खोटा कमी दिसतो आणि वार्षिक माहिती विवरणाशी (आयकर खात्याकडील आपल्या व्यवहारांच्या नोंदीशी) न जुळणारा आकडा तयार होतो.

सादर करण्यापूर्वी यंत्रणेने काढलेला कर आपल्या दोन रकान्यांच्या कागदाशी ताडून पाहावा. आकडा जुळत नसेल तर बहुतेक वेळा कारण तिघांपैकी एक निघते: संपादनाचे वर्ष, एकाच रकान्यात धरलेली सवलत, किंवा विसरलेला अधिभार. तो कागद, मूल्यांककाचा अहवाल आणि बिले विवरणपत्राच्या पावतीसोबत ठेवावीत, कारण मूळ खरेदीचे दस्त विक्रीनंतर नव्या मालकाकडे जातात आणि चौकशी आली तेव्हा आपल्याकडे केवळ ठेवलेल्या प्रतीच असतात.